विमानात दिलेली ओ

या रे, या गो, जरा पुढे सरका. या ग्रुपवर सगळे मला आत्ये म्हणता, पण तीन महिने गप्प होते तर एकानेही विचारलं नाही, म्हातारी आहे की गेली! असो. रागावून काय करू… सांगते.

भूतखेत, देवचार यांवर माझा काडीचा विश्वास नाही. धामापूरच्या तळ्याच्या वाटेने आयुष्यभर तिन्हीसांजेला एकटी आले-गेले. आणि हे झालं ते सकाळी अकराला, लख्ख उन्हात, एवढ्या माणसांत.

आमच्याकडे सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरच्या, धावपट्टीवर जुनी विमानं जमली होती. फ्लाय-इन म्हणतात त्याला. जुन्या विमानांची जत्राच म्हणा ना. आमचे हे एसटीत मेकॅनिक होते, इंजिन म्हटलं की जेवण विसरतात. मी कोरी साडी नेसले तर म्हणाले, "अगो, विमानां बघूक जातंव काय लग्नाक?"

मजा आली हो. दोन मजली पंखांचं पिवळं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा यांनी टोपी काढून हलवली. बाजूला एक चंदेरी, दोन इंजिनांचं विमान उभं होतं. शिडी लावून लोकांना आत सोडत होते. हे खाली इंजिनाशी रमले, मी वर चढले. गुडघे दुखत होते म्हणून शेवटच्या खुर्चीवर टेकले. बाकीचे बघून उतरले. मी एकटीच राहिले… आणि पुढून, वैमानिकाच्या जागेकडून, कुणीतरी हाक मारली — मंजू.

मंजू हे माझं माहेरचं नाव. लग्नात तांदळात नाव लिहून माझी सुनंदा झाली, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. मंजू म्हणणारं आता कोणी जिवंत नाही. आणि आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, एका हाकेला ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची, कारण माणसाची नसलेली हाक तिसऱ्यांदा येत नाही. पण दिवसाढवळ्या हाका कोण मोजतं? माझ्या तोंडून ओ गेली.

मग उठताच येईना. पट्टा बांधलेला नव्हता. हातपाय माझेच, पण माझं ऐकेनात. आवाज फुटेना. पायलट आत आला, एकेक खुर्ची बघत माझ्यापाशी पोचला, माझ्या डोळ्यांत बघितलं… आणि वळून गेला. शिडी काढली. दार बंद. बाहेर भोंग्यावर सांगत होते, आता हे विमान उडणार. पंखे फिरायला लागले. काचेतून हे दिसत होते, गर्दीत मला शोधताना. एकदा थेट माझ्याकडे बघितलं त्यांनी. दिसलेच नाही मी.

तेव्हा हे विमानासमोर जाऊन उभे राहिले. इंजिन बंद करावं लागलं. पायलटने पुन्हा आत डोकावलं, माझ्या आरपार बघितलं, दार लावलं आणि खाली जाऊन म्हणाला, "काका, दोनदा बघितलं. आत कुणी नाही. बाजूला व्हा."

"माझी बायल आत आसा," हे म्हणाले. "मी हयसून हलूचंय नाय."

दोघंजण यांचा दंड धरून ओढायला लागले. तशी यांनी हाक मारली — "सुनंदा!"

लग्नातल्या उखाण्यानंतर या माणसाने कधी माझं नाव घेतलं नव्हतं. जन्मभर नुसतं अगो. ते ऐकलं आणि पायांत मुंग्या आल्या. उठले. दारावर धपाधप थापा मारल्या.

दार उघडणारा पायलट पांढराफटक पडला होता. यांना नंतर विचारलं, कसं कळलं मी आत आहे? तर म्हणाले, "तुका चढताना बघलंय, उतरताना नाय." बस, एवढंच.

डॉक्टर म्हणाले रक्तदाब. शेजारीण म्हणते उन्हाची भोवळ. मग पायलटला मी का दिसले नाही, सांगा. मला आजही कळलेलं नाही. आणि खरं भय वेगळंच… सुनंदाला यांनी परत आणली, पण ओ तर मंजूने दिली होती. दिलेली ओ मागे घेता येते का, कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

हे आता मला मालवणच्या बाजारातही एकटीला सोडत नाहीत. अंगणात गेले तरी मागे येऊन उभे राहतात. तेव्हा माझं काही तुमच्याकडे येणं व्हायचं नाही. तुम्हीच या रे. लवकर या.