वाडीतली एक बाई

डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "आ कर," आणि तोंड उघडायची चिमाबाई. पेशंट बाजूला स्टुलावर बसलेला असायचा. तो ओठ घट्ट मिटून डॉक्टरांच्या हाताकडे बघत असायचा आणि ही त्याच्या समोर उभी राहून पडजीभ दिसेल एवढा मोठा आ करायची. डॉक्टर वैतागून म्हणायचे, "चिमाबाई, तुमचं मिटा आणि त्याचं उघडा." त्यावर ती म्हणायची, "माझं बगून त्यो उगडतो. म्होरलं शेरडू पाण्याला लागलं की बाकीची लागत्यात." आणि खरंच, तो उघडायचा.

साठ सालाच्या आसपास मी लोणावळ्याच्या बाजारातल्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. लोहगडाच्या पोटातल्या एका वाडीतून चिमाबाई यायची. गड उतरून भाजे, तिथून मळवली स्टेशन, मग गाडीनं लोणावळा. उन्हाळ्यात डोक्यावर करवंदांची पाटी असायची, पावसाळ्यात इरलं, आणि बाराही महिने सोबत कुणीतरी आजारी माणूस. वाडीतलं कोणी तापानं फणफणलं, कुणाला विळा लागला, की त्याला पुढे घालून ही हजर. नवरा लवकर गेलेला, धोंडू नावाचा एकच मुलगा. घरचं थोडं झालं की वाडीचं करायला ही मोकळी.

पेशंटला काही विचारायची सोय नव्हती. "कधीपासून ताप आहे रे?" असं मी विचारलं की हीच सांगणार. "त्याला काय इचारता, मला इचारा. परवा गुरं घिऊन आला तवापासून. रातच्याला बडबडतो बी." मी चिडायचे. तेव्हा माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, अजूनही फारसा खाली उतरलेला नाही. "मावशी, ताप त्याला आहे की तुम्हाला?" असं मी एकदा ओरडले, तर म्हणाली, "वाडीत एकाला आला का सगळ्यास्नीच आला म्हना की!" आणि दातांवर पदर धरून हसायला लागली. तिच्यावर रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तिचं स्वतःचं एक वैद्यकशास्त्र होतं. कुठलाही माणूस समोर आला की तिचा पहिला प्रश्न, "दुकतंय का?" दुखत असेल तर दवाखाना. नसेल तर, "मंग कशाला येरझार?" गावातल्या एका म्हाताऱ्याच्या मानेला लिंबाएवढी गाठ होती. मी म्हटलं, त्यांना दाखवायला आणा. तिनं मलाच समजावलं, "दुकतं त्यो आजार, नर्सबाई. दुकत न्हाई त्यो मान्साचा सोभाव." तो म्हातारा त्या गाठीसकट पुढं कितीतरी वर्षं खुशाल जगला, त्यामुळे माझी पंचाईतच झाली.

आणि दुसरी गोष्ट होती लोखंडाची. तिच्या थोरल्या जावेच्या छातीत गाठ झाली होती. ती फुटून घाण वास यायला लागल्यावर घरच्यांनी तिला पुण्याला नेलं. तिथं कापलं, आणि ती महिन्याभरात गेली. त्याआधी आणखी एक गेलेली, तीही अशीच कापल्यावर. वाडीनं यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं, की गाठीला लोखंड लागलं की ती चिडते. मी किती वेळा सांगितलं, की अहो, लोखंडानं नाही गेली, उशिरा गेली म्हणून गेली. चिमाबाई शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमी शिकल्याल्या. पन आमी बगितलंय."

एका मे महिन्यात ती करवंदांची पाटी रिकामी करून दवाखान्यात आली ती डोळे विस्फारूनच. टेकडीवरच्या एका बंगल्यात मुंबईच्या एक बाईसाहेब उन्हाळ्याला यायच्या. त्यांचा एक हात सुजायचा. चिमाबाईच्या हाताला गुण होता, म्हणून त्या तिच्याकडून तेल लावून घ्यायच्या. तेल लावताना तिनं पाहिलं. "नर्सबाई, एक बाजू साफ! पाटावानी सपाट. आन बाई जिती! कापून चार वर्सं झाली म्हनं."

मला इतका आनंद झाला! म्हटलं, "बघा, मी काय सांगत होते! वेळेवर गेल्या, वाचल्या. तुमच्या जावेलाही हेच झालं होतं."

 ती पाटी उचलत म्हणाली, "त्यांची सुरी निराळी आसंल."

"सुरी तीच असते, मावशी."

"मंग ती मानूस बगून कापती."

त्याच वर्षी, पाऊस चांगला लागून भाताची खाचरं भरली होती, तेव्हा ती दवाखान्यात एकटी आली. मी तिच्या मागे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. कोणीच नव्हतं. इरलं भिंतीला टेकवून ती बाकाच्या कडेला बसली. सगळे पेशंट जाईपर्यंत बसून राहिली. मी सुया उकळायला ठेवत होते, तेव्हा हळूच जवळ येऊन म्हणाली, "आमच्या वाडीत एक बाई हाय. तिला हितं गाठ आलीया. दुकत न्हाई."

"हितं" म्हणताना तिचा हात वर आला आणि अर्ध्यातच थांबून पदराआड गेला.

"घेऊन या तिला," मी म्हटलं.

"ती येत न्हाई. लाजती."

"कधीपासून आहे?"

"शिमग्यापासून आसंल. आदी वाटाण्याएवढी व्हती, आता सुपारीएवढी झाली."

आजवर दुसऱ्याचं दुखणं स्वतःचं असल्यासारखं सांगणारी बाई आपलं दुखणं दुसरीचं म्हणून सांगत होती.  मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "मावशी, त्या बाईला चोळीची गाठ सोडायला सांगा." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि चोळी सोडली.

डॉक्टरांनी तपासलं. ते भले माणूस होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "गाठ अजून हलते आहे. या आठवड्यात पुण्याला जाऊन काढून टाका. वाचाल." चिमाबाईनं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ह्या आठवड्यात कसं जमंल? सावड हाय."

मावळात भाताची लावणी एकट्यादुकट्याच्या हातानं होत नाही. आज सगळी वाडी तुझ्या खाचरात वाकते, उद्या तू एकेकाच्या खाचरात वाकायचं. ही सावड. चिमाबाईचं खाचर वरच्या अंगाला, तिथं पाणी आधी भरायचं, म्हणून तिची लावणी सगळ्यांत आधी झाली होती. आता सगळ्यांची परतफेड तिच्या अंगावर. मी म्हटलं, मी येते वाडीत आणि सांगते सगळ्यांना. ती म्हणाली, "तुमी सांगा. माझ्या तोंडानं न्हाई सांगवायचं."

त्या रविवारी मी भाज्यावरून वर चढले. पाऊस असा, की छत्री असून नसल्यासारखी. खाचरात बायका रांगेत वाकून आवण, म्हणजे भाताची रोपं, लावत होत्या, त्यांच्यात चिमाबाईही. बांधावर वाडीतले वडीलधारे आबा उभे होते. मी सगळं सांगितलं. बायकांचे हात थांबले. आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सावडीचं काय न्हाई. तिच्या वाटंचं आमी लावू. तिनं आजच जावं. पन नर्सबाई, मला एक सांगा. कापून आल्यावर जगल्यालं एक तरी मानूस दावा."

मी म्हटलं, "त्या बंगल्यातल्या बाईसाहेब."

रांगेतली एक बाई हसली. "त्यास्नी वो कशाला मरान येतंय?"

"आमच्यातलं दावा," आबा म्हणाले.

मी कुणाला दाखवणार होते? त्या सगळ्या डोंगरपट्टीत वेळेवर गेलेलं एकही माणूस मला ठाऊक नव्हतं. मी चिमाबाईकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याच. ह्या परत येतील, तेव्हा बघा. मग पुढच्या बाईला मला काही सांगावं लागणार नाही." चिमाबाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर चक्क थोडं हसू आलं. आजारी माणसाच्या पुढं उभं राहून आ करायचं तर तिच्या अंगवळणीच पडलेलं होतं. "जाते," ती म्हणाली. "पन सावड फेडून जाते."

"अहो, आबा सोडतायत ना!"

"त्यांनी सोडली तरी मी सोडत न्हाई. परत आले तर बरंच हाय. न्हाई आले तर कुनाचं देनं बोकांडी घिऊन जाऊ?"

त्या वाडीत कुणीही सुरीखाली जायचं तर मरायला निघाल्यासारखं सगळं फेडून, आवरून, निरोप घेऊन जायचं. आणि त्या आवराआवरीतच मरण गाठायचं. हे मला दिसत होतं, मी ओरडून सांगत होते, पण ती पुन्हा वाकली आणि चिखलात रोप खोवायला लागली. मी बांधावर उभी राहून रडले. पावसात ते कुणाला कळलं नाही, एवढंच बरं झालं.

लावणी सरली ती श्रावण लागल्यावर. ठरल्याप्रमाणे चिमाबाई आली. धोंडू आणि मी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. मोठे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात होते, पण खाट नव्हती. मग गणपती आले. मग गाठीतून तपासणीसाठी काढलेला तुकडा कुठंतरी गहाळ झाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रत्येक खेपेला गड उतरून गाडी, आणि संध्याकाळी पुन्हा गड चढायचा. बंगल्यातल्या बाईसाहेबांनी मला एकदा सांगितलं होतं, की सोमवारी त्यांच्या हाताला गाठ लागली आणि शुक्रवारी त्या टेबलावर होत्या. मी हे चिमाबाईला कधीच सांगितलं नाही.

दसरा झाला आणि कापणी आली. कापणीची पुन्हा सावड. दिवाळीनंतर ती दवाखान्यात आली तेव्हा चालण्यातच फरक पडला होता. डावा हात अंगाला धरलेला. बाकावर बसत म्हणाली, "नर्सबाई, आता दुकाया लागलंय. आता आजार झाला." सुटल्यासारखी म्हणाली. आता तिला दवाखान्यात यायचा हक्कच मिळाला होता.

या वेळी मात्र पुण्याला खाट लगेच मिळाली. मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांचा घोळका घेऊन आले, तिची चोळी बाजूला केली आणि तिच्या अंगावरून एकमेकांशी इंग्रजीत बोलत राहिले. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. ते गेल्यावर मला म्हणाली, "विंग्रजीत बोलले, म्हंजी वाईट हाय. बरं आसतं तर मराटीत सांगितलं आसतं. तुमी सांगा."

काखेत पसरलं होतं. मला खोटं बोलवेना. "उशीर झालाय, मावशी. तरी काढतायत."

"मंग कशाला काढत्यात?"

"जखम होणार नाही. वास येणार नाही. थोडे दिवस बरं वाटेल."

 तिनं माझा हात धरला. "तुमाला दावाया मानूस पायजे व्हतं न्हवं? त्ये मी न्हाई झाले." स्वतःच्या मरणाचं नाही, तिला त्याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "मावशी, गप्प बसा." 

तिला कापलं. टाके बरे भरले. ती आपल्या पायांनी वाडीत परत गेली, आणि काही दिवस मलाही वाटलं, की देव आहे. पण शिमग्याच्या आधी ती गेली. निरोप आला तशी मी वर चढले. बायका अंगणात बसल्या होत्या. आबा माझ्याजवळ येऊन अगदी मायेनं म्हणाले, "तुमी लय केलंत. पन लोखंड लागलं." एकानंही मला दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

मे महिन्यात बाईसाहेब आल्या. त्यांनी माणूस पाठवून विचारलं, ती करवंदवाली का येत नाही. मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "अगं बाई! पण इतका उशीर का केला तिनं?" त्या म्हणाल्या. मी त्यांच्या व्हरांड्यात उभी होते, समोर सगळा डोंगर होता.  "हात कसा आहे तुमचा?" असं विचारून मी निघून आले.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी त्याच वाडीतली एक बाई एकटी आली. इरलं भिंतीला टेकवून बाकाच्या कडेला बसली. मी तिला ओळखलं, आदल्या साली खाचरात हसली होती तीच. सगळे गेल्यावर ती उठून माझ्याजवळ आली.

"आमच्या वाडीत एक बाई हाय," ती म्हणाली.

उकळत्या सुयांचा चिमटा माझ्या हातातच राहिला. तिनं पदर छातीशी घट्ट आवळून धरला होता.

"आत या," मी म्हटलं. "दार लावते. डॉक्टर आहेत."

"मी कशाला? मी ठीक हाय."

"मग तिला आणा. दुखत नाही ना अजून? मग आत्ताच आणा. आत्ता वाचेल, बाई. मी सांगते ना, आत्ता वाचेल."

"म्या बी तिला त्येच सांगितलं," ती म्हणाली. इरलं उचललं आणि दारापर्यंत गेली. तिथं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती म्हनती, चिमी गेलती की."

मळवलीची गाडी यायची वेळ झाली होती. ती स्टेशनाकडे चालू लागली.