भावोजी आणि दर्शनी भाग

जाता जाता लोकांच्या फाटकाला हात लावून ते डगमगतं का, ते बघणं. कुणाच्या घरी गेल्यावर माणसांआधी भिंतीच्या ओलीची चौकशी करणं. पुढच्या बाजूला चादर वाळत घातलेली दिसली की खाकरणं. आणि दर वाक्यात 'घराचा भाव' आणणं. या शेवटच्या सवयीमुळे आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी सगळ्यांचे भावोजी झाले. त्यांना वाटतं, लोक नातं जोडतात.

साहित्यातली माझी पदवी त्यांच्या सूचनांचं शुद्धलेखन तपासायच्या कामी आली. मैत्री तिथूनच.

गिऱ्हाईक घराचं तोंड बघतं, असं एका दलालानं त्यांना सांगितलं. झालं. भावोजींनी सभा घेतली. व्हरांड्यात दोऱ्या नकोत, सायकली नकोत, खुर्च्या नकोत.

"खुर्चीत माणूस बसला असेल तर?" समोरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"मग तर दोन्ही दिसतात, वहिनी."

दिवसभर व्हरांड्यात बसणारा माणूस कॉलनीत एकच होता. भावोजींचे वडील, नाना. त्यांना ऐकू कमी येतं. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करणं, एवढाच त्यांचा विरंगुळा. दुसऱ्या सकाळी त्यांची खुर्ची मागच्या अंगणात गेली.

"अरे, इथून काय बघू?"

"भिंत आहे ना, नाना. आत्ताच रंगवलीय."

नानांनी थोडे दिवस भिंत बघितली. मग काठी उचलली आणि फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर जाऊन बसायला लागले. ते सवयीनं हात करायचे. बस थांबायची. चालक वैतागून निघून जायचा.

एक जोडपं घर बघायला आलं. थांब्यावर नाना दिसले, म्हणून त्यांनाच विचारलं, कॉलनी कशी आहे?

"छान आहे," नाना मोठ्यानं म्हणाले. "फक्त म्हातारं व्हायचं नाही."

जोडपं तिथूनच परत गेलं. आत भावोजी इस्त्रीच्या शर्टात वाट बघत उभे होते. कळल्यावर धावत बाहेर आले.

"नाना, तुम्ही घरांचा भाव पाडताय."

"मला घरात भाव नाही, म्हणून इथे बसतो."

आजूबाजूचे हसले. भावोजींनी त्याच दुपारी मला बोलावून नवा नियम सांगितला: 'दर्शनी भागात ज्येष्ठ नागरिक ठेवण्यास हरकत नाही.' हे ते स्वतःच्या वडिलांबद्दल बोलत होते. मी 'ठेवण्यास' खोडून 'बसण्यास' केलं.

"शब्द कुठलाही घाल, पंडित. भाव पोचल्याशी कारण."

मग त्यांना सुचलं, खुर्च्या सगळ्या एका रंगाच्या हव्यात. रंग ठरेपर्यंत नियम लागू नाही. नाना अजून थांब्यावरच बसतात. नमुना म्हणून भावोजींनी नानांच्याच खुर्चीचा एक पाय राखाडी रंगवला, दुसरा बदामी, तिसरा फिकट निळा. चौथा तसाच आहे. शेजारी डबा उघडा पडलाय आणि ब्रश त्यातच वाळून गेलाय.