मशीनच्या आधी तळहात

चंद्रपूरकडचं गाव सोडून मी तेलगावजवळ कापसाच्या जिनिंगवर कामाला आलो. सातवीतून शाळा सोडलेल्याला आणखी कोण बोलावणार? हंगाम भरात असताना खोकला लागला. खोलीतल्या पोरांनी माझा तांब्या वेगळा केला. टीबी निघाला तर खोली जाणार, कामही जाणार, हे न सांगताच कळलं. म्हणून अंबाजोगाईचा मोठा सरकारी दवाखाना गाठला.

तिथं छातीचा फोटो काढला आणि तीन शिकाऊ डॉक्टर त्याच्याभोवती जमले. फोटो वाचणारं नवं एआय कॉम्प्युटरवर होतं. पण त्यांना शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टर मॅडमचा कायदा असा, की आधी आपलं उत्तर पेनानं तळहातावर लिहायचं, मूठ झाकायची, मगच मशीनचं उघडायचं. तिघांनी लिहिलं. मी बाकावर देवाचं नाव घेतोय आणि इथं माझ्या फुफ्फुसावर पैज लागल्यासारखं चाललेलं.

मशीननं फोटोवर लाल चौकोन काढला. टीबीची शंका.

"उघडा मुठी," मॅडम म्हणाल्या.

मुलीच्या हातावर 'टीबी'. उंच पोराच्या हातावर नुसतं प्रश्नचिन्ह. चष्मेवाल्याच्या हातावर निळा फराटा.

"घामानं पुसलं, मॅडम."

"मशीन बोलल्यावरच घाम आला का बे?" उंच पोरगा.

मॅडमनी तो हात उजेडात धरला. "काय लिहिलं होतंस?"

"टीबी वाटत नाही, असं. यांना कामाचं विचारलं होतं. कापसाच्या धुळीचा खोकला वाटला. पण मशीननं लाखो फोटो बघितलेत. मी कोण?"

"यांचा डॉक्टर. मशीनला एक शंका आली, तुला दुसरी. पुसायचं कशाला? बेडका तपासायला पाठव."

मी हात जोडले. चष्मेवाला म्हणाला, "दादा, पाया पडू नका. आधीच लई इज्जत गेलीय."

रिपोर्ट आला तेव्हा तोच बाहेर सांगायला आला. बेडक्यात टीबी नव्हता. तोंडाला फडकं बांधून काम करा, औषध घ्या, पुन्हा दाखवायला या.

"म्हणजे मशीन गाढव?"

"न्हाई हो. त्याला शंका आली म्हणून तर नीट तपासलं. गाढव मी."

त्या गाढवाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तिथूनच खोलीवर फोन लावून रिपोर्ट सांगितला.

"टीबी न्हाई ना? मग लवकर ये बे. आज भाकरी थापायची पाळी तुझी हाय."

खोकतच एसटी पकडली.