गोपाळदादाच्या ताडांवर कोण चढत होतं?

हे सदर मी नेमाने वाचतो आणि वाचून झालं की बहुतेक वेळा चिडतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला मागून हाक येते... आणि नेमका त्या वेळी जवळ साक्षीदार नसतो. संपादकांना मी दोनदा खरमरीत पत्रं पाठवली आहेत. ती छापून आली नाहीत. त्यामुळे आता मीच असलं काही लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "घ्या, आता तुम्हीपण?" हो, मीपण. भुताखेतांवर माझा तेव्हा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. फक्त माझ्याकडे साक्षीदार आहेत, एवढाच काय तो फरक.

साठचं दशक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि मी तिथे एका ठेकेदाराकडे ड्राफ्ट्समन होतो. मूळचा मी मिरजेकडचा. बोईसरला स्टेशनजवळ खोली घेतली होती, सोबत साताऱ्याचा बाबर नावाचा ओव्हरसियर. दोघेही सडेफटिंग. आठवडाभर धूळ खायची आणि शनिवारी शिफ्ट लवकर सुटली की सायकली काढून उमरोळीला जायचं, हा आमचा नेम होता.

उमरोळीला गोपाळदादाचं ताडीचं दुकान होतं. दुकान म्हणजे त्याच्या कौलारू घराची पुढची पडवी. सारवलेली जमीन, दोन लांब बाकडी, खिळ्याला टांगलेला परवाना, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट पडवीत उघडणारी, म्हणून हिवाळ्यात चुलीची ऊब बसल्या जागी मिळायची. जाड काचेच्या पेल्यातून ताडी यायची आणि सोबत गोपाळदादाची बायको मंजुळावहिनी कोलंबीच्या करंज्या तळून द्यायची. आमच्याकडे करंजी म्हणजे खोबरं-साखर. पहिल्यांदा मी मोठा घास घेतला तेव्हा तिखटाने डोळ्यांत पाणी आलं आणि बाबर हसता हसता बाकड्यावरून पडायचा बाकी राहिला. पुढच्या शनिवारी मात्र सहा करंज्या मी एकट्यानेच संपवल्या. त्या पडवीत जितकं सुख मिळालं तितकं मला नंतर मोठमोठ्या हॉटेलांतही मिळालेलं नाही, हे मी लिहून देतो.

घरामागेच त्यांचे अकरा ताड होते. गोपाळदादा सकाळ-संध्याकाळ चढायचा. प्रत्येक झाडाला एक उभा बांबू बांधलेला, त्याच्या खुंटांवर पाय देत वर जायचं, फुलोऱ्याच्या दांड्याचं टोक सुरीने पातळ तासायचं, भरलेलं मडकं दोरीने खाली सोडायचं आणि रिकामं बांधायचं. हे रोज दोन वेळा झालंच पाहिजे. तीन-चार दिवस टोक तासलं नाही तर ते सुकतं आणि त्या मोसमापुरतं झाड बंद.

आणखी एक रीत होती. ताडावरून आजूबाजूच्या घरांची अंगणं, न्हाण्या सगळं दिसतं. म्हणून चढण्याआधी बुंध्याशी उभं राहून मोठ्याने सांगायचं, "चढतोय गोऽऽ". घरातल्या बाईने इकडेतिकडे बघून "चढा" म्हटलं की मग पाय उचलायचा. उत्तर आल्याशिवाय कुणी चढायचं नाही. गोपाळदादा सांगायचा, "पाऊस येवो नायतर वारा, ती बोलली नाय तर मी खालीच." आम्ही पडवीत बसलेलो असायचो, मागून हाक यायची, वहिनी झारा हातात धरूनच उत्तर द्यायची. इतकं सवयीचं झालं होतं की आमच्या कानांवरून ते नुसतं जायचं.

पौषात गोपाळदादाचा पाय मोडला. वीस वर्षं ताडावर चढणारा माणूस स्वतःच्या विहिरीच्या पायरीवर घसरला. पालघरला नेऊन प्लास्टर घातलं, सहा आठवडे पाय हलवायचा नाही असं सांगितलं. आम्ही शनिवारी गेलो तेव्हा तो आतल्या खोलीत खाटेवर पडला होता आणि दाराकडे तोंड करून सगळ्या जगाला शिव्या घालत होता.

गावात आणखी दोघे ताडी काढणारे होते. त्यांनी दोन दिवस हात दिला. पण त्यांची स्वतःची झाडं होती, वेळ तोच, त्यांना तरी किती जमणार... तिसऱ्या दिवसापासून ताडांना कुणी हात लावला नव्हता. आम्ही गेलो तो तसा चौथा दिवस. मडकीही वरच लटकत होती.

"आज संध्याकाळपर्यंत कोणी चढलं तर ठीक," वहिनी म्हणाली. "नायतर गेले ताड. दुकान बंद. मग आमी तुमच्याकडंच येतो भाऊ, माती उचलायला."

ती हे हसत म्हणाली, पण मला साइटवरच्या बाया रोज दिसत होत्या. उन्हात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या. बाबर म्हणाला, "मी चढू का वहिनी?" आतून गोपाळदादा ओरडला, "एक पाय मोडलाय तेवढा पुरे हाय."

अजून चांगला उजेड होता, पाच वाजले असतील. आम्ही, रेल्वेतून निवृत्त झालेला एक गँगमन आणि चुलीपाशी वहिनी, इतकीच माणसं होतो. आधीची उरलेली आंबट ताडी पेल्यांत होती. तेवढ्यात मागून हाक आली... "चढतोय गोऽऽ."

वहिनी करंज्या उलटत होती. तिने मान वळवली, खिडकीतून शेजारच्या अंगणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चढा."

मग तिचा हात थांबला. आम्हीही थांबलो. आतल्या खाटेवरून गोपाळदादाचा आवाज आला, अगदी हळू: "कोणाला सांगितलंस गो?"

बाबर आणि मी पळत मागे गेलो. तिथे कुणी नव्हतं. अकरा झाडं, मोकळं शेत, पलीकडे बांधावर एक म्हैस. गावातलंच कुणी मदतीला येऊन गंमत करत असेल, असं आम्ही धरून चाललो. वहिनीला तसं सांगितलं आणि सायकली काढल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आठलाच आम्ही उमरोळीला हजर. प्रत्येक ताडाच्या बुंध्याशी एकेक भरलेलं मडकं ठेवलेलं होतं. वर रिकामी मडकी बांधलेली. वहिनी म्हणाली, पहाटेही हाक आली. तिने आधी उत्तर दिलंच नाही. परत हाक आली, तेव्हा नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली आणि ती म्हणाली, "चढा."

मी दोन्ही ताडी काढणाऱ्यांच्या घरी गेलो. एक सफाळ्याला बहिणीकडे गेला होता, दुसऱ्याने मला वेड्यात काढलं. मग मी गोपाळदादाला विचारलं, आवाज ओळखीचा वाटतो का? माझ्या मनात त्याचा वारलेला बाप वगैरे होता, अशा गोष्टींत तसंच असतं ना. तो म्हणाला, "आमच्या बाबाचा आवाज बारीक. ह्यो घोगरा हाय. मी कधी ऐकला नाय."

त्यानंतर रोज दोन वेळा हेच. गावात बातमी पसरली. काहींनी दुकानात यायचं सोडलं, कोण जाणे कुणाच्या हातची ताडी पितोय म्हणून. गँगमन मात्र रोज यायचा. त्याचं म्हणणं, ताडी आधीपेक्षा बरी लागते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

पण मला शांत बसवेना. फसवणूक असेल तर ती मीच पकडणार, असा माझा हेका. पुढच्या शनिवारी चार वाजताच आम्ही मागे गेलो. बाबर शेवटच्या झाडाशी उभा राहिला, मी पहिल्या. मध्ये लपायला एक झुडूपही नव्हतं. लख्ख ऊन. मी बांबूला पाठ टेकून उभा होतो आणि पकडलेल्या भामट्याला काय सुनवायचं ते मनातल्या मनात जुळवत होतो...

"चढतोय गोऽऽ."

हाताच्या अंतरावर. माझ्या डाव्या कानाशी. घोगरा, पन्नाशीच्या माणसाचा आवाज, थोडी धाप लागलेला. तिथे कुणीही नव्हतं. मी बांबूपासून बाजूला झालो. घाबरून नव्हे, खरंच. कुणाला वाट करून देताना आपण होतो ना, तसा झालो आणि मग मला घाम फुटला.

घरातून उत्तर आलं नाही. बराच वेळ गेला. मग मागचं दार उघडलं. वहिनी पदराला हात पुसत उंबऱ्यात आली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "चढा."

बांबू करकरला. खालचा खुंट, मग वरचा, मग त्याच्या वरचा... एका लयीत. मी वर पाहत होतो. झावळ्या आणि निळं आभाळ, बस. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर ओलसर काहीतरी पडलं. दांड्याच्या पातळ चकत्या. ताज्या, रसाने चिकट झालेल्या. तीन पडल्या, त्यातली एक मी खिशात घातली. मग दोरीवरून मडकं सरसर खाली आलं आणि माझ्या पायाशी टेकलं. दोरी सुटून वर गेली. बाबरने हे सगळं तिकडून पाहिलं. विचारलं की म्हणायचा, "ऊन फार होतं."

त्या दिवशी वहिनी माझ्यापाशी रडली. म्हणाली, "भाऊ, मी रोज हो म्हणते. कोण हाय म्हाईत नाय, त्याला माझ्या ताडांवर चढू देते. नाय म्हटलं तर ताड जातील. माझं चुकतंय का?" मी तिला एवढंच म्हटलं की मी असतो तर मीही हो म्हटलं असतं.

सहा आठवडे झाले, प्लास्टर निघालं. आणखी दहा-बारा दिवसांनी गोपाळदादा काठी टाकून मागे गेला. तो शनिवार होता, मुद्दाम आमच्यासाठी थांबला होता. पहिल्या ताडाशी उभा राहिला, सुरी कमरेला खोचली, घसा साफ केला आणि त्याने हाक दिली. वहिनी दारातच होती. तिचे ओठ उघडले होते, तेवढ्यात वरून आवाज आला. तोच, घोगरा.

"थांब. उतरतोय."

गोपाळदादा दोन पावलं मागे सरला. आम्हीही सरलो. बांबू वरून खाली करकरत आला. शेवटचा खुंट हलला आणि थांबला. गोपाळदादाने हात जोडले, मग परत हाक दिली. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चढा." तो वर जाऊन आला आणि सुरी पुसत म्हणाला, "टोकं बघितली? माझ्याहून चांगला हात हाय."

तो आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही. अकरापैकी एकही झाड सुकलं नाही, आणि वहिनीला माती उचलायला जावं लागलं नाही. मी बोईसर सोडेपर्यंत दुकान चालू होतं.

आजवर अनेकांनी मला स्पष्टीकरणं दिली आहेत. ताडीचा अंमल, वारा, कुणीतरी भला शेजारी. शेवटचं मला फार आवडलं असतं. पण मी चार हातांवरून पाहिलेल्या रिकाम्या बांबूचं काय करायचं, ते त्यांच्यापैकी कुणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही. चकती पुढे सुकून भुगा झाली, त्यामुळे पुरावा मागू नका.

मागे एकदा पालघरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून उमरोळीला गेलो. गोपाळदादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी पार वाकली होती, पण तिने मला ओळखलं. बोलता बोलता विषय निघालाच. मी विचारलं, "अजून भीती वाटते का हो वहिनी?" ती म्हणाली, "भीती कसली भाऊ... लाज वाटते. दोन महिने माणूस माझ्या दारात राबला. रोज दोन वेळा त्याला चढा म्हटलं. जेवलात का, एवढं एकदा पन विचारलं नाय." मग तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि मी सगळं संपवेपर्यंत समोर बसून राहिली.