समोरच्या काकांना आलेला अमेरिकन पोलिसांचा फोन

पोलिसांना आमचे समोरचे काका जितके घाबरत, तितका एखादा अट्टल दरोडेखोरही घाबरत नसेल. आणि तेही काडीचा गुन्हा न करता. शारजात आमच्या समोरच्या दारात ते अठ्ठावीस वर्षं राहिले, अल क्वोजमधल्या एका गोदामात स्टोअरकीपरची नोकरी केली, आणि एवढ्या काळात त्यांच्या नावावर पार्किंगचीसुद्धा पावती फाटली नाही. तरी कचरा टाकायला खाली जायचं तर काखेत प्लास्टिकची फाइल असायची. तिच्यात पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, एमिरेट्स आयडीची प्रत आणि, का कोण जाणे, लग्नाचा दाखला. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे नजर जाईल तिथवर एकही गाडी नसली तरी सिग्नलमधला हिरवा माणूस उजळेपर्यंत काका उन्हात उभे. गाडी चालवताना मागून पोलिसांची गाडी दिसली की आपली गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहायचं. एकदा असे बसलेले असताना ती गाडी त्यांच्यापाशीच येऊन थांबली. गाडी बिघडली का, मदत हवी का, एवढंच त्या तरुण पोलिसाला विचारायचं होतं. काकांनी अख्खी फाइल त्याच्या हातात दिली. त्याने लग्नाचा दाखला उलटसुलट करून पाहिला, हसला आणि म्हणाला, "खलास, हबीबी. गो होम." म्हणजे झालं बाबा, जा घरी. काका घरी आले ते दोन दिवस तापाने फणफणले. एवढं घाबरायला झालं तरी काय होतं, असं मी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काही नाही हो. गावी चौकीवरून जायचं झालं तरी हे चप्पल हातात घेऊन जायचे, आवाज नको म्हणून."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने पोलीस व्हायचं ठरवलं, आणि तेही अमेरिकेत. मुलगी माझी विद्यार्थिनी. ऊद मेथातल्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते तिथेच ती शिकली, पुढे टेक्सासला गेली, लग्न करून तिथली नागरिक झाली, विमा कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर पोचली. आणि तेहतिसाव्या वर्षी एक दिवस फोनवर म्हणाली, "बाबा, आय हॅव गॉन टू द पोलीस." तिला म्हणायचं होतं की आपण तिथे नोकरीसाठी अर्ज करून आलोय. काकांना तेवढा धीर कुठला? ते म्हणाले, "काय केलंस तू? वकील बघितलास का?"

खुलासा झाल्यावर त्यांची भीती कमी झाली नाही, फक्त अभ्यासू झाली. गोदामातल्या प्रिंटरवर काढलेले कागद घेऊन ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागले. "टीचर, हे काय प्रकरण आहे? इकडे कसं, पोलीस म्हणजे पोलीस. तिकडे शहराचे वेगळे, काउंटीचा शेरीफ वेगळा, राज्याचे हायवेवरचे वेगळे, वॉशिंग्टनचे डझनभर. युनिव्हर्सिटीलासुद्धा स्वतःचे पोलीस. एवढ्यांना घाबरायचं तर माणसाने कामधंदा कधी करायचा?" मग या सगळ्या खात्यांतून मुलीसाठी सर्वांत कमी धोक्याची नोकरी शोधण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. त्याची एक वही झाली. कोर्टातला बेलिफ: एसीत बसून काम, पण आरोपी फार जवळ. जंगलातला रेंजर: चोर कमी, अस्वलं जास्त. फोन घेणारी ऑपरेटर: खुर्ची आहे, पण किंकाळ्या ऐकाव्या लागतात. शेवटी त्यांचं मन बसलं ते शिकारीवर आणि मासेमारीवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनवर. "आम्ही गुहागरचे. मासे मारणाऱ्यांशी कसं बोलायचं ते तिला शिकवावं लागणार नाही." त्या वॉर्डनच्या कमरेलाही बंदूक असते, हे मी वाचलं होतं, पण सांगितलं नाही. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आय वाँट पट्रोल." म्हणजे रस्त्यावरची गस्त. वहीत त्या नोकरीपुढे काकांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. पान कोरं होतं.

लेखी परीक्षा झाली, धावण्याची झाली, आणि मग तिचा निरोप आला की आता खात्याचा तपास अधिकारी घरच्यांना फोन करेल. उमेदवार कशी आहे, खोटं बोलते का, चिडते का, असं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना विचारतात. ही तिकडची रीतच आहे. म्हणजे ज्या फोनला काका जन्मभर भीत आले होते, तो आता वेळ ठरवून येणार होता.

आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. नेहमीसारखे बसले नाहीत.

"टीचर, अमेरिकनांचं इंग्लिश मला समजत नाही. तुम्ही मध्ये बसा. मी मराठीत सांगेन, तुम्ही त्यांना सांगा."

"बसेन की."

"मी सांगणार आहे की ती फार तापट आहे. हात उचलते."

त्या मुलीने वर्गात कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

"काका, ते तिला घेणार नाहीत."

"म्हणूनच." ते जमिनीकडे बघत होते. "तुम्ही फक्त भाषांतर करा. पाप माझं."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. सकाळी वर्गात मी दोन वेळा तेच पान शिकवलं. मुलीला आधीच कळवावं तर बापाचा विश्वासघात, आणि तसंच बोलावं तर तिचा. काहीच न ठरवता मी संध्याकाळी सात वाजता समोर गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट आणि बूट घातले होते. फोन टेबलावर होता, आणि ते उभे होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत.

फोनवर एक बाई होती. आवाज प्रेमळ. तिने काकांना "सर" म्हटलं, तसे ते आणखी ताठ झाले. मुलगी खोटं बोलते का, या प्रश्नाला ते चटकन "नाही" म्हणाले. मग तिने विचारलं, "घाबरल्यावर ती काय करते?"

मी मराठीत सांगितलं. या प्रश्नाची त्यांनी तयारी केली नव्हती.

"सांगा त्यांना," ते म्हणाले, "ती दहावीत होती. चौथ्या मजल्यावर आग लागली. सगळे खाली पळत होते. आम्हीही खाली पोचलो आणि ही परत वर निघाली. प्रत्येक दार वाजवत. मी तिचा हात धरला होता. तिने सोडवून घेतला. रडत होती, घाबरली होती, तरी गेली. टीचरची आई घरात एकटी होती, त्यांना ऐकू येत नसे. त्यांना घेऊन खाली आली."

मला भाषांतर करता येईना. त्या संध्याकाळी मी शाळेत स्टाफ मीटिंगला होते. ती आईला घेऊन खाली आली, हे मला ठाऊक होतं. बापाने तिचा हात धरला होता, हे सतरा-अठरा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी अडखळत मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं.

"आणि तुम्ही, सर?" बाईने विचारलं.

"मी खालीच होतो. कागद घेऊन."

मग शेवटचा प्रश्न आला. तिने ही नोकरी करू नये असं तुम्हाला वाटतं का? काकूंनी दाराची चौकट धरली. मी काकांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"वाटतं," काका म्हणाले. "पण ते माझ्यामुळे, तिच्यामुळे नाही. हे नीट सांगा, टीचर. चूक होता कामा नये."

मी नीट सांगितलं. ती बाई म्हणाली, "थँक यू, सर." फोन बंद झाल्यावर काका पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि त्यांनी बूट काढले.

सहा-सात महिन्यांनी प्रशिक्षण संपलं. गणवेशावर बिल्ला घरच्यांनी लावायचा अशी तिकडे पद्धत आहे, म्हणून ते दोघं टेक्सासला गेले. परत आल्यावर काकूंनी फोटो दाखवला. खोलीभर पोलीस, आणि मध्ये काका, लेकीच्या छातीशी वाकून. "पिन तिला टोचेल याचीच धास्ती होती," ते म्हणाले. "बाकीच्यांकडे बघायला वेळच झाला नाही."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि गुहागरला गेले. समोर आता एक तमिळ कुटुंब राहतं. मुलीची रात्रपाळी संपते तेव्हा आमच्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतात. घरी पोचल्यावर ती बापाला कळवते आणि बाप मला. "आली," एवढंच म्हणतात आणि फोन ठेवतात.

परवा चार वाजले, सव्वाचार झाले, फोन नाही. वह्या तपासायला घेतल्या होत्या, त्या मी बाजूला सारल्या. साडेचारला वाजला आणि मी पहिल्याच रिंगला उचलला.

"आली," काका म्हणाले. नेहमीसारखा फोन मात्र ठेवला नाही. "टीचर, तुम्ही फोनजवळच बसला होतात का?"

"नाही हो," मी म्हटलं. हो म्हणायची मला लाज वाटली.