बापाला खोटं ठरवायचं बटण

‘ही तुमच्याकडची भाषा. आम्हाला कुठली कळायला? म्हणूनच तर तुला घेतलंय,’ मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या. आजूबाजूचे हसले. समोरच्या पडद्यावर माझा बाप होता.

आबा मार्केट यार्डात हमाल. हमालांसाठी पाण्याचा नळ झाला, मंत्र्यांनी फीत कापली. त्या दिवशी मागून टँकर जोडला होता. दुसऱ्या दिवसापासून नळ कोरडा. आबांनी नळ सोडला, रिकामा ग्लास फोनसमोर धरला आणि म्हणाले, ‘साहेब, पहिला घोट तुमीच घ्या.’ एवढाच व्हिडिओ. बघता बघता साऱ्या यार्डात फिरला.

आणि माझ्याकडे आला. खराडीच्या ऑफिसात मी सोशल मीडियावरच्या, तक्रार आलेल्या मराठी पोस्ट तपासते. ठेवायची की काढायची, ते बटण दाबते. सरकारकडून तक्रार आलेल्या पोस्टवर लाल खूण असते. तिथे ‘ठेवा’ हे बटण दाबलंच जात नाही. ‘काढा’ दाबायचं, त्याआधी यादीतून कारण निवडायचं. मागणी कुणाची, आदेश कुठला, आम्हाला दिसत नाही.

मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. खोटी माहिती.

‘मॅडम, नळाला खरंच पाणी नाही. मी पाहिलंय.’

‘खरं-खोटं ठरवायला तुला ठेवलेलं नाही. वरून आलंय.’

मी निवडलं. दाबलं. हे माझे वडील आहेत, एवढंही तोंडातून निघालं नाही. नोकरीची भीती होतीच. पण त्या हसणाऱ्यांसमोर आबांच्या मळक्या सदऱ्याची मला लाज वाटली. हे लिहायला जड जातंय, पण तेच खरं आहे.

संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, ‘पोरी, तू तसल्याच कंपनीत हायस न्हवं? बघ की जरा. खोटं बोललो म्हणून काढलाय म्हणत्यात. मी काय खोटं बोललो?’

ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही, असा करार सही करून दिलेला. ‘बघते,’ म्हटलं आणि ताट उचललं.

आबा हट्टी. चौथ्या दिवशी त्यांचा नवा व्हिडिओ माझ्यासमोर, पुन्हा लाल खूण, तोच नळ, तोच ग्लास. ‘खोटं वाटत आसंल तर या. तुमीच नळ सोडा.’

मी माऊसवरचा हात काढला. कारण निवडल्याशिवाय पुढची पोस्ट उघडत नाही. आबा पडद्यावर तसेच थांबून राहिले. मॅडम आल्या.

‘हे माझे वडील आहेत. ते खोटं बोलत नाहीत. मी काढणार नाही.’

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमनी माझ्या खांद्यावरून हात घातला, कारण निवडलं आणि ‘काढा’ दाबलं. नोंद माझ्याच नावावर. ‘झालं. एवढ्यासाठी केवढं नाटक!’

मी नाही म्हणाले तरी व्हिडिओ गेलाच. उद्या माझ्या खुर्चीत दुसरी बसेल, बटण तेच राहील. मला कळतं ते.

घरी येऊन आबांना सांगितलं, ‘पहिला मीच काढला होता.’ त्यांनी एवढंच विचारलं, ‘कुणी सांगितलं?’

‘ते आम्हालाही सांगत नाहीत.’

हे लिहून मी तो करार मोडते आहे. नोकरी जाणार, नोटीस येणार. येऊ दे. उद्या सकाळी आबांबरोबर नळावर जाणार आहे. ग्लास मी धरणार, व्हिडिओत तोंड माझं दिसणार. काढायचा तर काढा. यादीतलं कारण तुमच्या हातानं निवडा. माझ्या बोटानं माझा बाप पुन्हा खोटा ठरणार नाही.