रामटेकेच्या छातीचे माप

खडकीच्या कारखान्यात तपासणीच्या बाकावर रामटेके आणि मी एकोणतीस वर्षे शेजारी बसलो. पितळी तुकडा गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा, अडकला, की रामटेके तो लाल पेटीत टाकी आणि म्हणे, "बसत नाही." साहेब पाठीशी उभे राहून कितीही खाकरले, तरी निकाल बदलत नसे. "साहेब, मी नाही म्हणत. गेज म्हणतंय."

त्याच्या शोकसभेत एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले, की रामटेके स्वतःच्या हट्टापायी गेला. हे धादांत खोटे आहे. तेव्हा मला बोलता आले नाही, म्हणून येथे लिहितो.

फुप्फुसे आकसत नेणारा आजार त्याला निवृत्तीनंतर जडला. प्रत्यारोपणात दात्याची फुप्फुसे रुग्णाच्या छातीत नीट मावावी लागतात; त्यासाठी दोघांची उंची जुळवून पाहतात. प्रतीक्षा यादीत नाव घालताना हिंजवडीला नोकरी करणारा त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, हाइट दोन इंच जास्त लिहू या ना. चान्सेस वाढतील."

"पाच फूट दोन. तेच लिही."

लोक हट्ट म्हणतात तो हाच. परंतु रुग्णालय फॉर्मवर विसंबत नाही. भिंतीशी उभे करून उंची घेते, एक्स-रेवर छाती मोजते. त्या दोन इंचांनी काहीही साधले नसते.

आठ महिन्यांनी बोलावणे आले. आम्ही धावलो. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. फुप्फुसे उत्तम होती; पण नव्या एक्स-रेत रामटेकेची छाती पूर्वीपेक्षा फारच आकसलेली दिसली.

"कापून लहान नाही का करता येणार?" मुलाने विचारले.

"थोडा फरक असता, तर केलं असतं. ही कोंबली, तर नीट उघडणारच नाहीत."

त्यांचा स्वर इतका अपराधी होता, की रामटेकेनेच त्यांची समजूत घातली. "मॅडम, आपण कशाला वाईट वाटून घेता? बसत नाही."

परतताना गाडीत आम्ही शेजारी बसलो. आम्हा दोघांचा गणवेश एकाच मापाचा. धोब्याकडे अदलाबदल झाली तरी कळत नसे. रामटेकेने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "तुझी बरोबर बसली असती रे. पण तू कसला मरतोस!"

आम्ही हसलो. त्याला धाप लागली. मुलगा मान न वळवता गाडी चालवीत राहिला.

दुसरे बोलावणे आले नाही. पुढे वहिनींनी त्याचा लोकरी कोट मला दिला. तो अंगात जाऊ नये, अशी माझी फार इच्छा होती. सगळी बटणे लावली. कोठेही अडकला नाही.